हजरतगंज ते पेंडारी

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ पेंडारी नावाचं गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१४ या शनिवारी तिथं ८३ बायकांची कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं झाली. सर्जन एक, दुर्बीण एक. सोमवार उजाडला तशा त्यांतल्या बायका मरू लागल्या.

वर्तमानपत्रांनी घटनाक्रम त्या शनिवारपासून मांडला. डॉक्टर कधी आला, कधी गेला, गोळ्या कुठल्या कंपनीच्या होत्या, पहिली बाई दवाखान्यात कधी पोचली. चौकशीला हे सगळं लागतं. पण हे घड्याळ फार आधी सुरू झालं होतं, आणि ज्या जागी सुरू झालं ती जागा पेंडारीपासून शेकडो किलोमीटर दूर, लखनौच्या हजरतगंजात आहे. म्हणून मी तास तिथून मोजले आहेत. शून्य म्हणजे पेंडारीची ती दुपार.

३ लाख ३८ हजार तास आधी

१६ एप्रिल १९७६. आणीबाणीला दहा महिने होत आले आहेत. केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह दिल्लीत राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर करतात. लग्नाचं वय वाढवायचं, नसबंदी करून घेणाऱ्याला जास्त पैसे द्यायचे, आणि एखाद्या राज्याला सक्तीचा कायदा करायचा असेल तर त्याला आडकाठी करायची नाही. संजय गांधींच्या कार्यक्रमात कुटुंबनियोजन आधीपासूनच होतं. आता त्याला सरकारी कागद मिळाला.

हजरतगंज म्हणजे लखनौची मिरवायची जागा. संध्याकाळी इथं नुसतं फिरायला येण्याला लखनौकरांनी ‘गंजिंग’ असा शब्दच करून ठेवला आहे. कॉफी हाउस, पुस्तकांची दुकानं, चिकनकारीचे कुडते आणि जवळच १९२८ साली उभं राहिलेलं घुमटाचं विधानभवन. झलकारीबाईच्या नावाचं बायकांचं सरकारी रुग्णालयही याच भागात आहे. झाशीच्या राणीची ही सोबतीण मराठी वाचकाला परकी नाही. राज्य चालवणारी इमारत आणि बाळंतिणींचं रुग्णालय यांच्यामध्ये फार अंतर नाही. तरी इथून निघणाऱ्या कागदांवर बाईच्या प्रकृतीची खबर क्वचितच उमटलेली दिसते.

१९७६ साली इथं नारायण दत्त तिवारी मुख्यमंत्री होते. आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात सुमारे १ लाख २९ हजार नसबंद्या झाल्या होत्या. या वर्षासाठी केंद्राने लक्ष्य दिलं ४ लाखांचं. वर्षअखेर आकडा झाला ८ लाख ३७ हजार. राज्याच्या मुख्य सचिवांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना केलेली एक तार पुढं बरीच गाजली. महिन्याचं लक्ष्य गाठलं नाही तर पगार थांबेल, निलंबन होईल, कडक शिक्षा होईल. सगळी यंत्रणा तातडीने कामाला लावा आणि रोजची प्रगती बिनतारी संदेशाने कळवा, असा तिचा आशय होता. शस्त्रक्रियेनंतर किती जणांना ताप आला, किती जणांची जखम चिघळली, हे रोज कळवा असं त्या तारेत नव्हतं. पेंडारीचं बी मला त्या एका तारेत दिसतं.

महाराष्ट्राने यात वेगळं काही केलं नाही. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीला दहा दिवसांत हजार नसबंद्यांची मोहीम निघाली. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही, तेव्हा कचऱ्याचे ट्रक गावातून फिरवून माणसं उचलण्यात आली. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक त्याच वर्षी आपल्या विधानसभेने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच.

३ लाख ३० हजार तास आधी

२० मार्च १९७७ ची रात्र. लखनौपासून ऐंशी-एक किलोमीटरवर, रायबरेलीत, इंदिरा गांधी आणि राज नारायण यांच्या मतांची मोजणी चालू आहे. इंदिरा गांधी पन्नास हजारांहून जास्त मतांनी पडतात. उत्तर प्रदेशात लोकसभेच्या ८५ जागा होत्या. काँग्रेसला त्यांतली एकही मिळाली नाही.

१९७६-७७ या वर्षात देशभर सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंद्या झाल्या होत्या. त्यांपैकी ६२ लाख पुरुषांच्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे नंतर १,७७४ मृत्यूंची नोंद आली. सुलतानपूरला, मुझफ्फरनगरला नसबंदीच्या विरोधात उठलेल्या लोकांवर गोळीबार झाले होते. त्या रात्री मतपेट्यांतून राग बाहेर आला, आणि तो राग रास्त होता. माणसाच्या शरीरावर त्याच्या मर्जीविरुद्ध हात टाकणाऱ्या सरकारला लोकांनी घरी पाठवलं. आपल्या लोकशाहीच्या मोठ्या क्षणांपैकी तो एक होता, असं मी आजही मानतो.

पण त्याच रात्री राजकारणाने एक धडा घेतला आणि तो चुकीचा घेतला. सक्ती करू नये, हा धडा होता. ‘पुरुषाला हात लावू नये’ एवढाच ऐकला गेला.

हे मी आकड्यांवरून म्हणतो. राज नारायण केंद्रात आरोग्यमंत्री झाले, ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ आलं, सगळं स्वेच्छेने होईल असं जाहीर झालं. १९७७-७८ मध्ये नसबंद्या साडेनऊ लाखांवर उतरल्या. या साडेनऊ लाखांत दर दहामागे आठ बायका होत्या. एका वर्षात प्रमाण पार उलटं झालं. आणि ते पुन्हा कधीच सुलटं झालं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या वेळी विवाहित असलेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याचं ऑपरेशन झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास बायकांनी ते करून घेतलं आहे आणि पुरुषांचा आकडा इथंही अर्ध्या टक्क्याच्या आतच आहे.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते पाहू. पुरुषाच्या बीजवाहिन्या कातडीखाली बोटाला लागतात. तेवढी जागा बधिर करून, एका बारीक छिद्रातून, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. पोट उघडावं लागत नाही. १९७४ मध्ये चीनमध्ये निघालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तर कापणंही जवळजवळ नाही. नंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं, ही एक अडचण. बाईच्या गर्भनलिका मात्र पोटाच्या आत, आतड्यांच्या शेजारी असतात. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटात वायू भरायचा, नळी खुपसायची, बाहेरून न दिसणाऱ्या जागी कडी चढवायची. भूल जास्त, धोका जास्त, जंतू आत गेला तर थेट पोटात. दोन्ही ऑपरेशनांतलं सोपं आणि सुरक्षित कुठलं, याबद्दल शास्त्रात वाद नाही.

वाद राजकारणातही नव्हता, तिथं फक्त भीती होती. पुरुषांच्या नसबंदीने सरकार पडतं हे सगळ्या पक्षांनी पाहिलं होतं. बाईच्या ऑपरेशनने एकही सरकार पडलेलं नव्हतं. गावोगावी तेव्हापासून एक वाक्य तयार आहे: त्याला कष्टाचं काम असतं, त्याला अशक्तपणा येईल, बाईचंच करून टाका. हे वाक्य ज्या घरात बोललं जातं त्याच घरातली बाई दुसऱ्याच्या रानात वाकून भात लावत असते, डोक्यावर मोळी आणत असते.

विचारसरणीने शास्त्राला बाजूला सारण्याची ही पहिली वेळ मुळीच नव्हती. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या. साधनांपेक्षा संयम बरा, या श्रद्धेपायी १९५१-५२ मध्ये सरकारने बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन ‘सुरक्षित दिवस’ मोजायला शिकवण्याचा प्रयोग केला. त्याआधी तीस वर्षं, १९२१ साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. साधन बाईच्या हातात असावं, निर्णय तिचा असावा, हे त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मण्यांच्या माळेपासून तारेपर्यंत सगळं करून पाहणाऱ्या देशाने कर्व्यांचं सांगणं तेवढं सरकारी धोरण म्हणून मनापासून कधी करून पाहिलं नाही.

१९७७ नंतर दुर्बीण आली आणि काम वेगात होऊ लागलं. शाळा, पंचायतीची इमारत, मंडप, जिथं जागा मिळेल तिथं शिबिरं. १९८९ साली मुंबईच्या एका शल्यविशारदाने इंग्लंडच्या स्त्रीरोगविषयक नियतकालिकात लेख लिहिला. त्यात त्याने एकट्याने केलेल्या दुर्बिणीच्या नसबंद्यांची संख्या होती २,५०,१३६. आकडा हेच कौतुक, अशी हवा होती. त्या डॉक्टरांच्या हाताबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या आकड्याची बरोबरी करायला देशभर जे हात पुढं आले, ते सगळे तसे नव्हते.

१ लाख ६३ हजार तास आधी

१ एप्रिल १९९६ पासून सरकारने लक्ष्यं रद्द केली. पुढं कागदावर ‘अपेक्षित साध्य पातळी’ असा शब्द आला. आशाताई आणि नर्सबाई त्याला आजही टार्गेटच म्हणतात.

८५ हजार तास आधी

१ मार्च २००५. पुन्हा उत्तर प्रदेश. रमाकांत राय आणि ‘हेल्थवॉच यूपी-बिहार’ यांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती: राज्यातल्या शिबिरांत बायकांना कशा स्थितीत टेबलावर घेतात, कोण भूल देतं, कोण संमती विचारतं, ते पाहा. न्यायालयाने आदेश दिला. पात्र डॉक्टरांची यादी करा, प्रत्येक बाईची तपासणी करून तक्ता भरा, संमती तिच्या भाषेत समजावून घ्या, दर्जा पाहणाऱ्या समित्या नेमा, बाई दगावली तर १ लाख रुपये द्या.

पुढच्या वर्षी केंद्राची मानकं आली. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं करायची नाहीत, आणि तीस करायची तर दुर्बिणी तीन हव्यात. एका दुर्बिणीला दहा बायका. हा आकडा लक्षात ठेवा.

२५ हजार तास आधी

७ जानेवारी २०१२, रात्रीचे आठ. बिहारमधल्या अररिया जिल्ह्यातलं कपरफोरा गाव, सरकारी शाळा. शाळेचे बाक हेच टेबल, उजेड विजेरीचा. दहा वाजेपर्यंत एका सर्जनने ५३ बायकांची ऑपरेशनं केली. वाहतं पाणी नाही. त्यांतली एक बाई गरोदर होती, हे कुणी तपासलं नव्हतं. देविका बिस्वास या कार्यकर्तीने ते सगळं मांडून सर्वोच्च न्यायालय गाठलं. ही याचिका न्यायालयात असतानाच पेंडारी घडलं. म्हणून इशारा नव्हता असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

६,९०० तास आधी

२६ जानेवारी २०१४. ५०,००० नसबंद्या केल्याबद्दल एका सरकारी सर्जनचा छत्तीसगड सरकार सत्कार करतं. पेंडारीचा सर्जन तो हाच. प्रजासत्ताक दिनाचं निमित्त.

८ नोव्हेंबर, सकाळ

पेंडारीत एक धर्मादाय रुग्णालय वापराविना पडलेलं आहे. ते शिबिरासाठी घेतलं आहे. आसपासच्या गावांतून बायका येतात. बहुतेक विशी-तिशीतल्या, मजुरी करणाऱ्या घरांतल्या. छत्तीसगडमध्ये आशाताईला मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. मितानिनीच त्यांना घेऊन आल्या आहेत, कारण त्यांच्यावरही आकडा आहे. काहींच्या कडेला तान्ही मुलं. त्यांना सांगितलेलं आहे की छोटं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी.

शून्य

एका दुर्बिणीने ८३. वेळेबद्दल वृत्तांतांत फरक आहे. काहींनी तीन तासांच्या आत म्हटलं, काहींनी सहा तास. सरकारला अनुकूल आकडा धरू, सहा तास. ३६० मिनिटं भागिले ८३. एका बाईला साडेचार मिनिटंही येत नाहीत. त्यात तिने टेबलावर चढायचं, तिचं पोट स्वच्छ करायचं, वायू भरायचा, नळी घालायची, दोन्ही बाजूंना कड्या चढवायच्या, जखम बंद करायची आणि तिला खाली उतरवायचं.

आणि दुर्बीण? ती एका पोटातून काढल्यावर दुसऱ्या पोटात घालण्याआधी जंतुनाशकात, दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, वीस मिनिटं बुडवून ठेवायची असते. मग निर्जंतुक पाण्याने धुवायची. हा नियम सरकारचाच आहे. ८३ बायकांमध्ये ८२ वेळा ती बुडवावी लागली असती. ८२ गुणिले २० म्हणजे १,६४० मिनिटं. सत्तावीस तासांहून जास्त, नुसती दुर्बीण स्वच्छ करायला. म्हणजे शनिवारी दुपारी सुरू केलेलं ते शिबिर नियमाने चाललं असतं, तर रविवारची संध्याकाळ उलटली तरी संपलं नसतं. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा केला. डॉक्टर किती कुशल आहे याने त्यात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. ज्याने शिबिर ठरवलं, ज्याने त्याला मंजुरी दिली, ज्याने आकडा मागितला, त्या प्रत्येकाला हा गुणाकार कागदावर करता आला असता.

त्याच संध्याकाळी

बायकांच्या हातात गोळ्यांची पाकिटं देऊन घरी पाठवलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि वेदनाशामक.

तासांची मोजणी आता पुढच्या दिशेने. रविवारी, चोवीस तासांच्या आतबाहेर, उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. सोमवारी, १० नोव्हेंबरला, पहिले मृत्यू. त्याच सोमवारी जिल्ह्यात इतर ठिकाणी शिबिरं चालूच होती. गाड्या बिलासपूरच्या रुग्णालयांकडे धावू लागल्या. १२ नोव्हेंबरला सर्जनला अटक झाली. आपल्यावर आकड्यांचा दबाव होता आणि दोष गोळ्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. गोळ्यांत उंदीर मारायच्या विषाचा अंश असल्याचा संशय पुढं आला, कंपनीवर कारवाई झाली, वाद लांबत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंद आहे ती अशी: चार शिबिरं, १३७ बायका, १३ मृत्यू.

विष गोळीत होतं की हत्याराला लागून आत गेलं, यावर तज्ज्ञ बोलतील. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी पेंडारीत ८३ पुरुष का नव्हते? बिनटाक्याच्या ऑपरेशनला आले असते तर पोट उघडायचं नव्हतं, दुर्बीण लागणार नव्हती, सत्तावीस तासांचा प्रश्नच उभा राहत नव्हता. ते आले नाहीत कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मार्च १९७७ पासून कुणी मनापासून बोलावलेलं नाही.

नंतरचे तास

तीन आठवडेही झाले नाहीत तोवर ओडिशातल्या बनरपालच्या शिबिरात ५६ बायकांच्या पोटात सायकलच्या पंपाने हवा भरल्याचं उघडकीला आलं.

१४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळित यांनी निकाल दिला. शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करा. नसबंदीचा सगळा भार बायकांवर पडतो याचीही त्यांनी दखल घेतली.

२०२० च्या डिसेंबरात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की कुटुंबनियोजनात सक्तीला भारताचा ठाम विरोध आहे. सातच महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, लखनौहून दोन अपत्यांच्या कायद्याचा मसुदा आला. राज्य विधी आयोगाने तो लोकांपुढे ठेवला आणि ११ जुलैला मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी नवं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. मसुद्यात होतं ते असं: दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना सरकारी नोकरी नाही, स्थानिक निवडणूक नाही. एका मुलावर नसबंदी करून घेणाऱ्या गरीब जोडप्याला मुलगा असेल तर ८० हजार आणि मुलगी असेल तर १ लाख. त्याच सुमाराच्या पाहणीत उत्तर प्रदेशचा जननदर २.७ वरून २.४ वर आलेला होता, कुठल्याही सक्तीशिवाय. मसुदा मसुदाच राहिला. पण आकडा आधी, बाई नंतर, ही १९७६ ची सवय राज्यकर्ता पक्ष बदलला म्हणून गेली नाही, हे त्यातून दिसलं. काँग्रेसच्या काळात ती होती, जनता पक्षाने तिची दिशा फक्त बायकांकडे वळवली, आणि भाजपच्या राज्यात पेंडारी घडलं.

२५ ऑगस्ट २०२२. तेलंगणातलं इब्राहीमपट्टण, सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्र. एका दिवसात ३४ दुर्बिणीची ऑपरेशनं. चौघी गेल्या.

तुमच्या घरात किंवा शेजारी दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘आता ऑपरेशन करून टाकू’ असं कुणी म्हणेल, तेव्हा ‘कुणाचं?’ हे एकदा मोठ्याने विचारा. बाईने नको म्हटलं तर ते नको. आणि नवरा तयार असेल तर त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. बिनटाक्याचं ऑपरेशन तिथं फुकट होतं, पाव तासात होतं, आणि माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी येतो.